देव्हाऱ्यातलं झिजलेलं नाणं नेमकं कुणाचं? घरातली जुनी नाणी ओळखायची कशी, आणि वाशिमकरांनी ती जपून का ठेवायची?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घराघरांत एक जुनी डबी उघडली जाते. तिच्यात चार-दोन चांदीचे रुपये, काही काळपट तांब्याचे तुकडे आणि बहुतेक वेळा एखादं असं नाणं असतं, ज्यावर आता काहीच दिसत नाही. घरातली मोठी माणसं म्हणतात, "हे शिवाजी महाराजांच्या काळचं आहे." तेवढ्यात कुणीतरी मोबाइल काढून असं नाणं लाखाला विकलं गेल्याचा रील दाखवतं.

बहुतेक वेळा या दोन्हींपैकी एकही गोष्ट खरी नसते. पण ते नाणं अगदीच मामुली असेल असंही नाही. वाशिम जिल्ह्यात तर हे ठामपणे म्हणता येतं, कारण भारतातल्या महत्त्वाच्या नाणेसंचांपैकी एक याच जिल्ह्यातल्या एका गावात सापडला होता.

तऱ्हाळ्याचा नाणेसंच: १९३९

मंगरुळपीर तालुक्यातलं तऱ्हाळा हे गाव १९३९ मध्ये अकोला जिल्ह्यात होतं. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. त्या वर्षी इथे सुमारे १,६०० जुनी नाणी एकत्र सापडली. ती ना सोन्याची होती, ना चांदीची. तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाची, म्हणजे पोटीन नावाच्या धातूची ही छोटी नाणी मोडीत घातली असती, तर हाती फार काही आलं नसतं.

नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली आणि सातवाहन राजांची अख्खी मालिकाच समोर आली. सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी हे राजे आधीपासून माहीत होते. त्यांच्यासोबत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी अशी नावंही निघाली. पुराणांमधल्या सातवाहनांच्या यादीत हे तिघे नाहीत. म्हणजे ते राज्य करून गेले, हे नाण्यांवरून कळलं. नखाएवढ्या त्या तुकड्यांना कुणी 'भंगार' म्हणून वितळवलं असतं, तर त्या राजांची नावंही त्यासोबत गेली असती.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी, १९३९ मध्ये, वाशिम शहरात वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. वाशिम म्हणजेच वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, हे त्याने पक्कं केलं.

त्यामुळे या भागात शेतीची, साहुकारीची किंवा व्यापाराची जुनी परंपरा असलेल्या घरांत एखादं खरोखर प्राचीन नाणं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. कारंजासारखं गाव तर जुन्या व्यापाराचं ठाणंच. प्रश्न एवढाच, की झिजलेल्या नाण्यावरून काही कळणार कसं?

आधी हे करू नका: घासू नका

चिंच, लिंबू, राख, पितांबरी, टूथपेस्ट. यातलं काहीही नको. सराफाकडचं ॲसिड तर अजिबात नको.

तांब्याच्या किंवा पोटीनच्या जुन्या नाण्यावर जो हिरवा, तपकिरी किंवा काळा थर असतो, तो वरवरचा मळ नसतो. धातूचा वरचा भाग शेकडो वर्षांत बदलून तो थर तयार झालेला असतो. खूप झिजलेल्या नाण्यात अक्षरांचा उरलेला उठाव अनेकदा याच थरात असतो. थर गेला की अक्षर गेलं. चिंचेने लखलखीत केलेलं सातवाहन नाणं म्हणजे फक्त एक पिवळट चकती.

देव्हाऱ्यातल्या नाण्यांची झीज वेगळी असते. बाजारात फिरलेलं नाणं सगळीकडून सारखं झिजतं, आणि आधी उंच भाग सपाट होतो, जसं चेहऱ्याचं नाक-गाल. देव्हाऱ्यातलं नाणं वर्षानुवर्षं एकाच बाजूने पुसलं गेलेलं असतं. म्हणून त्याची पाठ उलटून बघा. ती बाजू अनेकदा चांगली टिकलेली असते. खाचांमध्ये हळद-कुंकू, गंध साठलेलं असतं. चांदीचं नाणं असेल तर ते काही तास डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून मऊ ब्रशने हलकेच टिपता येतं. पोटीन आणि शिशाच्या नाण्यांना पाणीसुद्धा नको.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायला हवा. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी येत असेल आणि पुसल्यावर पुन्हा येत असेल, तर तो संरक्षक थर नाही, ते नाणं खाणारं गंजणं आहे. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढून कोरड्या जागी ठेवायचं आणि संग्रहालयातल्या जाणकारांना दाखवायचं.

दिसत नसलं तरी मोजता येतं

नाण्यावरचं चित्र जातं, पण धातू, वजन आणि आकार राहतो. त्यामुळे ओळखीची सुरुवात डोळ्यांनी नाही, तर काट्याने करायची. कोणत्याही सराफाकडे इलेक्ट्रॉनिक काटा असतो. त्याला फक्त वजन करायला सांगा, कसोटीच्या दगडावर घासायला नाही.

काही ढोबळ वजनं अशी: मौर्यकाळातली चांदीची आहत नाणी साधारण ३.४ ग्रॅमची. पश्चिमी क्षत्रपांची चांदीची नाणी दोन ते अडीच ग्रॅमच्या आतबाहेर. मध्ययुगाच्या सुरुवातीची गधैया नाणी चारेक ग्रॅमची. मुघल आणि मराठा काळातला रुपया ११ ग्रॅमच्या पुढे. ब्रिटिशांचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम. तांब्याची शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅम आणि अर्धी शिवराई त्याच्या निम्मी.

झिजलेलं नाणं यापेक्षा थोडं हलकं असणारच. पण झिजलेलं दिसणारं नाणं ठरलेल्या वजनापेक्षा जड भरलं, तर मात्र संशय घ्यायला हवा. झिजून वजन वाढत नाही.

घरातलं लोहचुंबकही लावून बघा. चांदी, तांबं, पोटीन, शिसं चुंबकाला चिकटत नाही. 'शिवकालीन' म्हणून दिलेलं नाणं खटकन चिकटलं, तर विषय संपला. गंमत म्हणजे १९४७ सालचा 'जॉर्ज'चा रुपया खरा असूनही चिकटतो, कारण तो निकेलचा आहे.

कडाही बघायच्या. कडेवर सारख्या अंतराच्या बारीक खाचा असतील तर नाणं यंत्रावर पाडलेलं आहे, म्हणजे बहुधा ब्रिटिश काळातलं किंवा नंतरचं. हातोड्याने पाडलेल्या नाण्याचा गोल कधीच पूर्ण गोल नसतो.

मोबाइलची टॉर्च आडवी धरा

पुसट अक्षरं वाचण्याची सगळ्यात उपयोगी युक्ती फुकट आहे. खोलीत अंधार करा, नाणं टेबलावर ठेवा आणि टॉर्च वरून न मारता जवळजवळ टेबलाच्या पातळीवरून मारा. वरून पडणाऱ्या प्रकाशात सपाट दिसणाऱ्या नाण्यावर आता बारीक सावल्या पडतात आणि केसाएवढा उठावही उमटतो.

एकाच दिशेने प्रकाश टाकून थांबू नका. नाणं जागेवर ठेवून टॉर्च घड्याळाच्या काट्यासारखी भोवती फिरवा आणि दर वेळी एक फोटो घ्या. एका फोटोत हत्तीची पाठ दिसेल, दुसऱ्यात पाय, तिसऱ्यात वरचं एखादं अक्षर. मग फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवायचा. फ्लॅश बंदच ठेवा. रंग सुधारणारे आणि चित्र 'स्वच्छ' करणारे एआय फिल्टरही नकोत, कारण ते नसलेल्या रेघा स्वतःच्या मनाने भरतात.

लिपी कळली की अर्धं काम झालं

आख्खं वाक्य वाचता येण्याची गरज नाही. कोणती लिपी आहे एवढं ओळखलं तरी हजार-दोन हजार वर्षांतला नेमका तुकडा हाती लागतो.

*इंग्रजी अक्षरं आणि राजा-राणीचा चेहरा.* घरातल्या डब्यांमध्ये सर्वात जास्त हीच नाणी असतात. साल वाचता येत नसेल तर चेहऱ्याच्या बाह्यरेषेवरून ठरवा. मुकुट घातलेली बाई म्हणजे व्हिक्टोरिया. तिच्या नावापुढे १८७६ पर्यंत 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' असतं. डोक्यावर मुकुट नाही, टक्कल आणि दाढी, असा चेहरा सातव्या एडवर्डचा, १९०३ ते १९१०. मुकुट आणि दाढी दोन्ही असेल तर पाचवा जॉर्ज. मुकुट आहे पण दाढी नाही, तर सहावा जॉर्ज. चेहरा नसून ढालीशेजारी उभे दोन सिंह असतील, तर कंपनी सरकारचा पैसा. आणि आजी ज्याला 'भोकाचा पैसा' म्हणायची, तो दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला १९४३ पासून काढलेला. ही नाणी प्राचीन नाहीत आणि बहुतेक दुर्मीळही नाहीत. आठवण म्हणून मात्र ती ठेवायचीच.

*फारसी-अरबी वळणाची अक्षरं.* इथे सर्वाधिक गैरसमज होतात. उर्दूसारखी अक्षरं दिसली की नाणं 'निजामाचं' किंवा 'औरंगजेबाचं' ठरवलं जातं. पण मराठ्यांच्या टांकसाळींमधले बहुतेक रुपयेही मुघल बादशहाच्या नावाने आणि फारसीतच पाडले जात. रुपया चालायचा तो ओळखीच्या शिक्क्यावर, म्हणून पेशव्यांनी आणि नागपूरकर भोसल्यांनीही तोच ठेवला. वऱ्हाडात तर १८०३ पर्यंत निजाम आणि भोसले दोघांचाही अंमल एकाच वेळी चालायचा, महसुलाचेही वाटे पडायचे. अशा मुलखातल्या जुन्या घरात दोन्हीकडचे रुपये एका थैलीत सापडणं अगदी स्वाभाविक. मराठा रुपया ओळखायचा तो मजकुरातून नाही, तर मध्ये घातलेल्या खुणेवरून: अंकुश, फूल, त्रिशूळ, एखादं देवनागरी अक्षर. पुण्याकडच्या अंकुशी रुपयाचं नाव याच खुणेवरून पडलं. वऱ्हाडाची जुनी राजधानी अचलपूर, म्हणजे तेव्हाचं एलिचपूर, इथेही टांकसाळ होती.

निजामाचं नाणं ओळखायला एक सोपी खूण आहे. विसाव्या शतकातल्या हैदराबादच्या रुपयावर चारमिनार असतो आणि त्याच्या मधल्या कमानीत एक छोटं अक्षर असतं. 'मीम' असेल तर मीर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर मीर उस्मान अली खान. झिजलेल्या नाण्यावरही हे अक्षर अनेकदा टिकतं, कारण ते कमानीच्या आत, खोलात आहे.

फारसी नाण्यांवर मजकूर गेला तरी आकडे राहतात. ते हिजरी सनाचे असतात. त्या आकड्याला ०.९७ ने गुणायचं आणि ६२२ मिळवायचे. म्हणजे १३२१ वाचलं तर इसवी सन १९०३ च्या सुमाराचं नाणं.

फारसी अक्षरांचा तांब्याचा जाड, ओबडधोबड तुकडा असेल तर तो बहमनी किंवा त्यानंतरच्या सुलतानांचा असू शकतो. वऱ्हाड हा बहमनी राज्याच्या मूळ चार प्रांतांपैकी एक होता.

*देवनागरी.* एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपति' असेल तर ती शिवराई. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास ती सुरू केली. पण पुढे दीडशेहून अधिक वर्षं, पेशवाईच्या अखेरपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ, महाराजांचंच नाव घालून शिवराया पाडल्या जात राहिल्या. म्हणून 'शिवाजी महाराजांचं नाव असलेलं' आणि 'शिवाजी महाराजांनी पाडलेलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, आणि ती नंतरच्या काळातली. घरांमधून सापडणाऱ्या शिवराया बहुधा पेशवाईतल्या असतात. हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. खरं तर एका राजाचं नाव त्याच्यानंतर इतकी वर्षं बाजाराने चालवावं, हीच मोठी गोष्ट आहे.

*काहीच लिपी नाही, फक्त ठिपके आणि रेघा.* चांदीसारख्या पण मळकट धातूचं, जाडसर, गोल नाणं, एका बाजूला ठिपके-रेघांचा विचित्र आकार आणि दुसरीकडे खांबासारखं काहीतरी. हे 'घासून गेलेलं' वाटतं, पण ते जन्मतःच असं आहे. याला गधैया म्हणतात. इराणच्या ससानी राजांच्या नाण्याची नक्कल, तिची नक्कल, मग तिचीही नक्कल असं होत होत राजाचा चेहरा ठिपक्यांचा आणि अग्निवेदी रेघांची झाली.

चांदीचा चौकोनी किंवा वेडावाकडा कापलेला तुकडा आणि त्यावर सूर्य, चक्र, डोंगर, प्राणी असे वेगवेगळे ठसे एकमेकांवर चढलेले दिसले, तर ते आहत नाणं असू शकतं. भारतातली सर्वात जुनी नाणी याच पद्धतीची. राजाचं नाव शोधू नका, ते नसतंच. एका बाजूचे पाच ठसे कोणते, यावरून त्यांचं वर्गीकरण होतं.

हत्ती आणि चार गोळे: सातवाहन नाणं कसं ओळखायचं?

ब्राह्मी लिपीची नाणी या जिल्ह्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून त्यांच्यापाशी थोडं थांबायला हवं.

तऱ्हाळ्यासारख्या पोटीन नाण्यांच्या एका बाजूला सोंड उचललेला हत्ती असतो आणि त्याच्या वर कडेने ब्राह्मी अक्षरं. दुसऱ्या बाजूला 'उज्जयिनी चिन्ह' असतं. ओळखायला सोपं: अधिकचं चिन्ह आणि त्याच्या चार टोकांना चार वर्तुळं. नाणं कितीही झिजलं तरी ही चार वर्तुळं शेवटपर्यंत तग धरतात, त्यामुळे सुरुवात याच बाजूने करायची. हत्ती झिजला की पाठीची कमान आणि खाली दोन-तीन खुंट एवढंच उरतं. तिरप्या प्रकाशात ती कमान शोधायची.

मग येतात अक्षरं. भाषा प्राकृत आहे आणि मजकूर साधारण असा: 'रञो सिरि सातकणिस', म्हणजे 'राजा श्री सातकर्णी याचं'. 'रञो सिरि' हे सगळ्यांना सारखं, शेवटचं 'सातकणिस' हेही बऱ्याच जणांना सारखं. राजा नेमका कोणता, हे मधली दोन-तीन अक्षरं ठरवतात. 'यञ' असेल तर यज्ञ सातकर्णी, 'कुभ' असेल तर कुंभ सातकर्णी. म्हणजे तुमच्या नाण्यावर 'कणिस' एवढंच टिकलं असेल, तर सातवाहन म्हणता येईल, राजा सांगता येणार नाही. इंटरनेटवर मात्र अशा प्रत्येक नाण्याला 'गौतमीपुत्र सातकर्णीचं' म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे.

आणखी एक गंमत आहे. या नाण्यांचा साचा मोठा आणि धातूचा तुकडा छोटा असायचा. त्यामुळे नाणं नवंकोरं असतानाही त्यावर पूर्ण मजकूर बसलेला नसायचा. एकावर सुरुवातीची अक्षरं, दुसऱ्यावर मधली, तिसऱ्यावर शेवटची. अभ्यासक एकाच प्रकारची अनेक नाणी शेजारी ठेवून मजकूर जोडतात. म्हणूनच सोळाशे नाण्यांचा संच एकत्र राहिला, याला मोल होतं. तीच नाणी गावभर वाटली गेली असती, तर प्रत्येक घरात एक न वाचता येणारा तुकडा उरला असता.

दोन राजांची नावं एकाच नाण्यावर दिसली तरी चक्रावून जाऊ नका. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा खाली, सातवाहनांचं चिन्ह वर. अशा नाण्यावरचा गोंधळ झिजेमुळे झालेला नसतो. एका राजाने दुसऱ्याला हरवल्याची ती खूण असते.

आणि वाकाटक? वत्सगुल्म राजधानी असूनही वाकाटकांनी नाणी पाडलीच नाहीत, असं बराच काळ मानलं जायचं. पुढे विदर्भात मिळालेली काही छोटी तांब्याची नाणी अभ्यासकांनी त्यांच्याशी जोडली आणि त्यावर वाद आहेत. म्हणजे वाशिम परिसरातल्या एखाद्या घरात पडलेला तांब्याचा क्षुल्लक तुकडा आजही त्या वादात साक्षीदार ठरू शकतो.

जे नाणं वाटतं, पण नसतं

देव्हाऱ्यातला चांदीचा पातळ, ठोकून उठाव दिलेला खंडोबा किंवा देवीचा पत्रा हे नाणं नाही, तो टाक आहे. गळ्यातल्या माळेतली सोन्याची 'पुतळी' मूळची व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याची आहे, पण घराघरांतल्या बहुतेक पुतळ्या इथल्या सोनारांनी केलेल्या नकला असतात.

नाण्याला कडी जोडलेली किंवा भोक पाडलेलं असेल तर ते दागिन्यातून आलेलं. पोहरादेवीच्या या जिल्ह्यात बंजारा घरांमधल्या जुन्या दागिन्यांत आणि पोशाखांत चांदीचे रुपये हमखास दिसतात. कडीमुळे संग्राहक किंमत कमी लावतात. म्हणून ती उपटून काढायची नाही. त्या नाण्याचा खरा इतिहास त्या कडीतच आहे.

आणि सगळ्यात जास्त फसवणारं: एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता किंवा हनुमान, दुसरीकडे 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १६१६, १७१७ किंवा १८१८ असं साल. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ती देवस्थानांबाहेर विकली जाणारी टोकन आहेत. श्रद्धेने ठेवायला काहीच हरकत नाही, पण त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका.

'लाखो रुपये मिळतील' हे खरं आहे का?

जवळजवळ नेहमी, नाही. जुनं आहे म्हणून महाग आहे, असं नाण्यांच्या बाजारात चालत नाही. दोन हजार वर्षं जुनी पण मुबलक सापडणारी, झिजलेली नाणी स्वस्तात मिळतात आणि शंभर वर्षांपूर्वीचा एखादा दुर्मीळ सालाचा रुपया महाग असतो. झीज जितकी जास्त, किंमत तितकी कमी.

फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. नाण्याचा फोटो टाकला की फोन येतो, मोठी रक्कम कबूल केली जाते आणि मग 'नोंदणी फी', 'जीएसटी', 'आरबीआयचं कमिशन' म्हणून आधी पैसे भरायला सांगतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारात बँक पडत नाही आणि त्यासाठी कुणाकडून शुल्क किंवा कमिशनही घेत नाही.

याहून वाईट प्रकार 'राईस पुलर'चा. तांब्याचं जुनं नाणं किंवा भांडं तांदळाचे दाणे ओढून घेतं, परदेशात त्याला कोट्यवधी मिळतात, फक्त 'तपासणी'चा खर्च आधी करा, असं सांगून लोकांच्या जमिनी विकायला लावल्या गेल्या आहेत. तांदूळ ओढणारं नाणं अस्तित्वात नाही.

कायदा काय सांगतो?

वारशाने आलेलं आणि जमिनीत सापडलेलं, यात कायदा फरक करतो.

आजी-आजोबांकडून आलेली नाणी घरात ठेवणं गुन्हा नाही. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं हे 'पुरावशेष' असतं. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर विकता किंवा पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो. परदेशातल्या नातेवाइकाला कुरिअरने 'भेट' पाठवण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्या.

नांगरताना, विहीर खोदताना किंवा घराचा पाया काढताना नाणी सापडली, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही जमिनीत लपवलेलं सापडलं, की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र 'कळवलं की सरकार सगळं फुकट नेतं' ही समजूत चुकीची आहे. कुणाचा मालकी हक्क सिद्ध झाला नाही आणि सापडवणारा व जमीनमालक वेगळे असले, तर त्यांच्यात दुसरा काही करार नसल्यास तीन-चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याला आणि उरलेला जमीनमालकाला, असं हाच कायदा म्हणतो. सरकारला संच हवा असेल तर त्याने धातूची किंमत अधिक तिचा एक-पंचमांश इतकी रक्कम द्यायची असते. पोटीनच्या नाण्यांसाठी ही रक्कम नगण्यच ठरते, हा दीडशे वर्षं जुन्या कायद्यातला दोष आहे आणि त्यामुळेच अनेक संच गुपचूप वितळतात.

दाखवायचं कुणाला, आणि नेताना काय न्यायचं?

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, १८६३ पासूनचं आहे आणि तिथे नाण्यांचा जुना संग्रह आहे. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभाग आहे. घरबसल्या तुलना करायची असेल तर 'झेनो' आणि 'न्युमिस्टा' या संकेतस्थळांवर प्रकारानुसार हजारो नाण्यांचे फोटो बघता येतात. सोशल मीडियावर विचारायचंच असेल तर वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे तिरप्या प्रकाशातले फोटो द्या. 'याची किंमत किती?' असं मात्र विचारू नका. त्या प्रश्नाला अभ्यासक उत्तर देत नाहीत, दलाल देतात.

प्लास्टिकच्या मऊ पाऊचमध्ये नाणी ठेवू नका, त्यातलं रसायन कालांतराने हिरवट, चिकट थर चढवतं. प्रत्येक नाण्याला कागदाचं वेगळं पाकीट करा आणि त्यावर पेन्सिलने लिहा: वजन, धातू, कुणाच्या पेटीतून आलं, ती व्यक्ती मूळची कोणत्या गावची, माहेरचं की सासरचं, कुठल्या शेतातून आल्याचं कुणी सांगितलं होतं का. सगळी नाणी एकाच थैलीतून निघाली असतील तर तेही लिहा आणि ती वेगवेगळ्या भावंडांत वाटण्याआधी सगळ्यांचे फोटो एकत्र काढून ठेवा. अक्षरं पुढेही वाचता येतील. नाणं कुठून आलं हे सांगणारी आजी मात्र आज घरात आहे, तोवर तिला विचारून घ्या.